उगवता सूर्य न काढता

शिरूर किंवा दौंड तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत 'माणसाचे दुःख आणि आशा' असा चित्राला विषय द्या. तास संपायच्या आत कागदावर भेगाळलेली जमीन येते, कपाळाला आडवा हात लावून आभाळाकडे पाहणारा शेतकरी येतो, एक वाळके झाड येते आणि उजव्या कोपऱ्यात दोन डोंगरांमधून सूर्य निघतो. डावीकडे सगळे दुःख, उजवीकडे सगळी आशा. मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांच्या तयारीत स्मरणचित्राचे साचे हाताला बसतात आणि ते जन्मभर सुटत नाहीत. मोठी माणसे व्याख्यानमालेच्या फलकावर, दिनदर्शिकेवर आणि पतसंस्थेच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर हेच चित्र काढून घेतात आणि त्याचे पैसेही देतात.

हे पुस्तक गाण्यावरून काढायच्या चित्रांविषयी आहे, आणि गाणीही माणसाचे हाल आणि माणसाची उमेद सांगणारी. ते मुख्यतः या दोन तालुक्यांतल्या चित्रकला शिक्षकांसाठी, त्यांच्या विद्यार्थ्यांसाठी आणि नोकरी-शेती सांभाळून रंगांत हात घालणाऱ्यांसाठी आहे. प्रस्तावनेत मला एकच गोष्ट सांगायची आहे. आपल्याकडच्या गाण्यात दुःख बहुधा शब्दांत असते आणि उमेद लयीत असते. जो फक्त शब्द ऐकतो तो रडणारी बाई काढतो, आणि मग आशा दाखवायला त्याला सूर्य उसना आणावा लागतो. जो लय ऐकतो त्याला सूर्याची गरज पडत नाही, कारण उमेद चित्राच्या मांडणीतच आलेली असते. हे बोलायला सोपे आणि करायला कठीण आहे, म्हणून थोडे लांबण लावतो.

आधी भूगोल, कारण आपल्या भागाला या विषयात मिळालेली श्रीमंती आपल्यालाच ठाऊक नसते. शिरूरहून न्हावऱ्याच्या रस्त्याने निघा, पारगावला भीमा ओलांडा, केडगाव मागे टाका, की पुणे-सोलापूर महामार्गावर चौफुला लागतो. एवढ्या वाटेत मराठी गाण्याचे किती प्रकार भेटतात ते मोजून पाहा. मागे शिरूर तालुक्यातल्या गावांत जात्यावरच्या ओव्या. केडगावला पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आणि तिथली मराठी ख्रिस्ती गीते. चौफुल्याला संगीत बारीची, म्हणजे लावणीची, कला केंद्रे. त्याच महामार्गावरून आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी जाते, आधीचा मुक्काम यवतला, पुढचा वरवंडला. कवठे येमाईला बशीर मोमीन कवठेकरांसारखा लोकशाहीर होऊन गेला. मुसलमान घरातल्या या माणसाने गण-गवळणी, लावण्या आणि वग लिहिले, तमाशाच्या फडांना पुरवले, आणि राज्य शासनाचा विठाबाई नारायणगावकरांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार मिळवला. २०२१ साली ते गेले. पाबळला मस्तानीची कबर आहे. (तिचे चित्र काढायचा मोह मात्र टाळावा. सिनेमाने तो विषय इतका रंगवून ठेवला आहे की तुमच्या ब्रशला काम उरलेले नाही.)

आता ओवीकडे. जात्यावर बसलेल्या बाईचे हात मोकळे नसतात. एक खुंट्यावर, दुसरा सुपातले दाणे वैरतो आहे. पहाटेची वेळ, घरातली बाकीची माणसे निजलेली, म्हणूनच तिला बोलता येते. सासुरवास, माहेरची ओढ, दूर दिलेली लेक, भावाची वाट आणि सीतेचा वनवास. सीतेच्या ओव्या गाताना ती कुणाविषयी गाते आहे हे समोर बसलेल्या बाईला कळते, तिसऱ्या कुणाला कळायची गरज नसते. शब्द कागदावर उतरवून वाचले तर गाऱ्हाण्यामागून गाऱ्हाणे येते. जात्यापाशी बसून ऐकले तर वेगळेच जाणवते. दगड फिरतो आहे, पीठ पडते आहे, एकीचा दम संपतो तिथे दुसरी ओळ उचलते आहे. तक्रार करणारी बाई थांबलेली नाही आणि एकटीही नाही. उमेद आहे ती या दोन गोष्टींत. ओवीत ती कुणी वेगळी सांगत नाही.

गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर या दोघांनी पुण्याला राहून आपल्या सहकाऱ्यांसह या ओव्या जमवल्या. हजाराहून जास्त गावांतल्या एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी लिहून घेतल्या आणि त्यांतल्या हजारो ध्वनिमुद्रित झाल्या. आज तो संग्रह 'परी'च्या, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियाच्या संकेतस्थळावर ऐकायला मिळतो. शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही त्यात आहेत. विजेची गिरणी गावात आली तशी जाती कोपऱ्यात गेली आणि आता लग्नाच्या हळदीपुरती बाहेर निघतात, तेव्हा तरुण चित्रकाराला या संग्रहावाचून दुसरा मार्ग फारसा राहिलेला नाही. मात्र एक सूचना. ऐकताना पडद्यावरचे शब्द वाचू नका. पहिल्या दोन-तीन वेळा शब्द कानांवरून जाऊ द्या आणि फक्त घरघर आणि दम यांच्याकडे लक्ष द्या.

मग काढायचे काय? जाते काढू नये, एवढे नक्की. नऊवारीतली बाई आणि जाते हे चित्र दिवाळी अंकांनी झिजवून टाकले आहे. काढायचे ते फिरणे. एकच आकार पुन्हा पुन्हा काढा, प्रत्येक वेळी किंचित हलवून, एखाद्या वेळी जड करून. हाताला कंटाळा येईल. येऊ द्या. त्या बाईलाही येत असेल. पंधराव्या-विसाव्या फेऱ्याला आकार स्वतःहून बदलायला लागतो, आणि तो कुठे बदलला ते पाहून चित्राची पुढची जागा ठरवता येते.

अभंगाने तर चित्रकाराचे काम आणखी सोपे करून ठेवले आहे, पण आपण त्याच्याकडे मराठीच्या तासाच्या पलीकडे पाहतच नाही. मोठ्या अभंगाच्या चरणांत अक्षरे सहा, सहा, सहा आणि चार. तीन सारखे पल्ले आणि चौथा आखूड. तिथे जी दोन अक्षरांची जागा मोकळी पडते ती टाळाने, सुराच्या लांबणीने किंवा नुसत्या श्वासाने भरली जाते. ओवीचेही तसेच, साडेतीन चरणांची, शेवटचा तोकडा. आपल्या दोन्ही मोठ्या छंदांना शेवटी थोडी उघडी जागा ठेवायची सवय आहे. चित्रात हे करून पाहा. तीन भरीव वस्तुमाने आणि चौथ्याच्या जागी अर्धे काही, उरलेले कोरे. त्या कोऱ्या जागेत काहीतरी भरायला हात शिवशिवेल, आणि सूर्य नेमका तिथेच येऊन बसू पाहतो. त्याला बसू देऊ नका.

ज्या तुकोबांच्या तोंडून अभंग आले त्यांचे हाल कमी नव्हते. १६३० च्या दुष्काळाने दख्खन ओस पडली. तुकोबांचा व्यापार बुडाला, पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला. हे त्यांनी स्वतःच सांगून ठेवले आहे, आणि सांगताना कुठेही हुंदका काढलेला नाही. आज त्यांचा अभंग ऐकायला येतो तो पखवाज, वीणा आणि शेकडो टाळांच्या साथीने, चालत्या पायांवर. त्यांचे धाकटे पुत्र नारायणबाबा यांनी १६८५ साली पालखी सुरू केली असे मानतात. यवतला वारकऱ्यांना गाव पिठले-भाकरी वाढते. भुकेने घर मोडलेल्या माणसाच्या पादुका गावात येतात तेव्हा गाव रांधायला लागते. हे माझे जुळवणे आहे, यवतकर असे काही बोलून दाखवत नाहीत, त्यांना वेळही नसतो. पण चित्रकाराने हे ध्यानात ठेवले तर त्याची वारीची चित्रे पताका आणि तुळशीवृंदावनापाशी अडणार नाहीत. दिंडी रेखाटायला उभे राहाल तेव्हा चेहरे सोडून द्या. पावले पाहा. ठेक्यावर पडणारी आणि ठेका चुकणारी. दमलेला म्हातारा ठेक्याच्या किंचित मागे चालतो, आणि दिंडी त्याला घेऊनच जाते. त्या मागे पडण्यात जेवढे दुःख आहे आणि घेऊन जाण्यात जेवढी उमेद आहे, तेवढी सुरकुत्यांच्या शंभर रेघांत यायची नाही.

दुष्काळ हा आपल्या भागाचा जुना सोबती. दौंडहून मनमाडला जाणारा लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला, आणि त्याच्या मातीकामाला १८७६-७८ च्या दुष्काळात कामाच्या शोधात निघालेल्या माणसांचे हात लागले होते. दौंडच्या फलाटावर गाडीची वाट पाहताना हे कुणाला आठवत नाही. १९७२ चा दुष्काळ अजून माणसांच्या बोलण्यात आहे. खडी फोडायची कामे, सुकडी, अमेरिकेतून आलेला लाल मिलो. शिरूरच्या मुरमाड पट्ट्यात त्या वेळी खडीवर बसलेल्या बाया आज सत्तरी ओलांडून गेल्या आहेत. त्यांना त्या कामावरची गाणी विचारा. सगळ्याच सांगणार नाहीत. एखादी गायला लागली तर लक्षात येईल की हातोडा पडतो त्या ठिकाणी शब्दच नाही. दगडाचा आवाज हाच तिथला शब्द.

केडगावचे रमाबाईंचे प्रकरण या पुस्तकाच्या विषयाला सर्वांत जवळचे, आणि तरी आपल्या शाळांच्या भिंतींवर ते मला कधी दिसले नाही. रमाबाईंचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात पायी तीर्थयात्रा करताना उपासाने गेले. पुढे भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षे होण्याआधी नवरा गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात उपाशी मुली आणि बाया भटकताहेत हे कळल्यावर ही बाई तिकडे गेली आणि शेकडो जणींना घेऊन आली. केडगावला घेतलेल्या शेतजमिनीवर मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, तेलघाणा आणि छापखाना ही कामे बाया करीत. अंध मुलींसाठी वेगळी व्यवस्था होती, आणि रमाबाईंची मुलगी मनोरमा त्यांना ब्रेल शिकवीत असे. मनोरमा १९२१ मध्ये गेली, आई पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्यामागे तिथल्याच छापखान्यात बायांनी छापून काढले.

धर्मांतराचा वाद काढून या बाईला बाजूला सारायची आपली जुनी खोड आहे. वाद जरूर घालावा, पण आधी केडगावला जाऊन यावे. मला इथे सांगायचे आहे ते गाण्याविषयी. जिथे इतक्या उपाशी पोरी एका छपराखाली आल्या, ज्यांची बोली एकमेकींना कळत नव्हती, तिथे दिवस बांधून ठेवायला प्रार्थना आणि गाणे याहून स्वस्त साधन नव्हते. त्याच काळात शेजारच्या नगरला नारायण वामन टिळक ख्रिस्ताची गीते अभंग आणि ओवीच्या वळणाने लिहीत होते. म्हणजे देव बदलला तरी छंद तोच राहिला, तो सहा-सहा-सहा-चार. न पाहू शकणारी मुलगी समूहात गाते आहे, हे चित्र काढायचे म्हटले तर डोळस चित्रकार काय करील? तिचे मिटलेले डोळे काढील आणि आपण हळहळू. मला वाटते, तिच्या अंगाने काढायला हवे. चेहरे नकोत, शेजारणीच्या खांद्याचा स्पर्श, आवाज कुठून येतो ती दिशा, पायाखालची फरशी. खडबडीत कागदावर कोळशाने बोटांनी चोळत काढलेले चित्र, जे हात लावूनही वाचता येईल. असे चित्र कुणी काढले तर ते पाहायला मी केडगावला जाईन.

आता चौफुल्याविषयी, कारण माझे म्हणणे तिथे येऊन उलटे होते आणि ते लपवण्यात अर्थ नाही. संगीत बारीत शब्द खेळकर असतात, छेडणारे, हसवणारे. पेटी, तबला, ढोलकी. समोरचा दौलतजादा करतो आणि फर्माईश सांगतो. इथे दुःख शब्दांत मुळीच नाही. ते असते दोन गाण्यांच्या मधल्या वेळात, पायांतले चाळ सैल करून पुन्हा आवळण्यात, घरी पैसे पाठवायच्या हिशेबात. परंपरेने बारीवर गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका लग्न करीत नसत आणि त्यांच्या मिळकतीवर भाऊ-भाचे पोसले जात. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' या १९९४ च्या आत्मकथनाने हे घराघरांत पोहोचवले. विठाबाई नारायणगावकर फडावर नाचता नाचता आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या, ही गोष्ट तमाशाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. तिचा आपण पराक्रम म्हणून गौरव करतो, आणि त्या रात्री त्यांना पुन्हा उभे राहावे का लागले हे विचारत नाही. २०२० च्या टाळेबंदीत थिएटरे बंद पडली तेव्हा लावणीवर माना डोलावणाऱ्या किती जणांना या कलावंतिणींची चूल आठवली?

तेव्हा बारीवर चित्र काढताना लयीत उमेद शोधायला जाल तर फसाल. तिथली लय हे रोजचे काम आहे, ग्राहकाला विकलेली वस्तू आहे. उमेद कुठे असेल तर ती बैठकीच्या लावणीत, जेव्हा बाई बसून, अदा करीत, एकाच ओळीचा पदर पुन्हा पुन्हा उलगडते आणि समोरच्याला तिच्या वेगाने चालावे लागते. तेवढा वेळ मालकी तिची. लाल-हिरव्या नऊवारीचा घेर आणि उडालेला पदर काढून या गोष्टीच्या जवळ जाता येणार नाही. बसलेल्या बाईचे चित्र काढा. आणि तिला विचारून काढा.

हे सगळे नवे आहे असा कुणाचा समज होऊ नये. शिरूरला घोडनदी ओलांडली की नगर जिल्हा, आताचा अहिल्यानगर. त्या नगरच्या निजामशाहीच्या काळात, सोळाव्या शतकाच्या शेवटी, दख्खनमध्ये रागमालेची चित्रे झाली. हिंदोल, गौरी, धनाश्री. माथ्यावर संस्कृत श्लोक, खाली दाट तांबडी किंवा निळी पार्श्वभूमी, लांबसडक पदरांच्या बायका. ती नगरचीच की आणखी उत्तरेकडची, यावर जाणकारांत वाद आहे. निजामशाही दरबाराची निर्विवाद चित्रे पाहायची तर 'तारीफ-इ-हुसेनशाही' या काव्याची सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. त्या पोथीत राणी खुंजा हुमायूनच्या आकृती नंतर कुणीतरी रंग फासून पुसल्या. तिच्याच मुलाने तिला कैदेत टाकले होते. चित्रातल्या बाईचेही हाल होतात, ते असे.

रागमालेच्या चित्रकाराने सूर काढायचा प्रयत्न केला नाही. त्याने तो सूर कुठल्या वेळी, कुठल्या मनःस्थितीत उमटतो ते काढले. विरहिणी, पाऊस, वीणा ऐकायला आलेली हरणे. तोडी रागिणीच्या चित्रात बाई एकटी असते पण हरणे तिच्या भोवती जमलेली असतात. तिचा माणूस आलेला नाही, ऐकणारे मात्र आले आहेत. जात्यावरच्या दुसऱ्या बाईचे काम इथे हरणे करतात.

युरोपात या विषयाचे सर्वांत गाजलेले उदाहरण गुस्ताव क्लिम्टचे. १९०२ मध्ये व्हिएन्नाच्या सेसेशन या कलावंत मंडळाने बीथोव्हनच्या सन्मानार्थ प्रदर्शन भरवले, आणि क्लिम्टने नवव्या सिंफनीवरून तीन भिंतींवर ३४ मीटर लांबीची चित्रपट्टी रंगवली. पहिल्या भिंतीवर दुबळ्या माणसांचे हाल आणि चिलखतातल्या वीराला त्यांनी घातलेले साकडे. मधल्या भिंतीवर राक्षस, रोग, वेड आणि मृत्यू. शेवटी गाणाऱ्यांचा मेळा आणि मिठीतले जोडपे. लोक त्या शेवटच्या मिठीपुढे थांबतात. मला विचाराल तर क्लिम्टला सिंफनी कळली ती दुसऱ्याच जागी. भिंतीच्या वरच्या कडेने आडव्या तरंगणाऱ्या स्त्रियांची एक ओळ तो काढत नेतो, जवळजवळ एकसारख्या, डोळे मिटलेल्या, आणि त्यांच्या खाली भिंत मोठ्या लांबीपर्यंत कोरी सोडतो. हाल संपले, राक्षस आला, तरी ती ओळ पुढे सरकतच राहते. शेवटची मिठी ही त्याचा उगवता सूर्य आहे, आणि ती नसती तरी चालले असते.

आपल्याकडे लयीसाठी सर्वांत जास्त घाम गाळलेला चित्रकार म्हणजे के. के. हेब्बार. मूळचे उडुपीकडचे, घडले आणि राहिले मुंबईत, जे. जे. मध्ये शिकले आणि शिकवलेही. रेषेत लय यावी म्हणून हा माणूस पंडित सुंदरप्रसादांकडे कथक शिकला. रंगमंचावर जायचे नव्हते, नुसता ताल पायांत उतरवायचा होता. गाणारे-नाचणारे लोक एकाच सलग रेषेत पकडणारी त्यांची रेखाटने 'सिंगिंग लाइन' या नावाने पुस्तकरूपात आली. याच हाताने भूक, गरिबी आणि युद्ध यांवरची चित्रे काढली. ती पाहताना कळते की भुकेल्या माणसाच्या पाठीची रेषादेखील नाचणाऱ्याच्या रेषेची सख्खी बहीण आहे. चित्तप्रसादने इप्टा या नाट्यसंघटनेच्या बोधचिन्हासाठी नगारा वाजवणारा माणूस काढला, आणि याच चित्तप्रसादने १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात खेड्यांतून पायी फिरून प्रेते आणि सांगाडे रेखाटले. आपल्या शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या उंब्रजचे भास्कर हांडे नेदरलँड्समधल्या हेगला राहून तुकोबांच्या अभंगांवर 'तुझे रूप माझे देणे' ही चित्रांची आणि शिल्पांची मालिका करीत आले. अभंगातला प्रसंग न रंगवता त्याचे बळ रंगांत आणि आकारांत आणायचा तो प्रयत्न आहे. उंब्रजचा मुलगा हेगला जाऊन हे करू शकतो, तर न्हावऱ्याच्या मुलाला न्हावऱ्यात बसून करायला काय हरकत आहे?

आणखी एक परंपरा सांगायला हवी, सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या चित्रकथींची. ठाकर समाजाचे हे लोक एकेक चित्र समोर धरून, वाद्याच्या साथीने गात कथा सांगतात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री मिळाली. तिथे चित्र गाण्यावरून झाले की गाणे चित्रावरून, हा प्रश्नच फोल ठरतो. पुढल्या प्रदर्शनात तुमच्या चित्रापुढे कुणी बाई उभी राहून तीच ओवी गाईल, अशी सोय करता आली तर करा. फलकावरच्या माहितीपेक्षा ते बरे.

लोकगीत म्हणजे जुनेच, असेही धरून चालू नका. दौंड तालुक्यात गळिताच्या हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड टोळ्या येतात. त्यांच्या कोपीत संध्याकाळी मोबाइलवर जे वाजते ते बहुतेक सिनेमाचे किंवा डीजेचे असते. पहाटे थंडीत कोयता हातात घेण्याआधी बाई तेच गुणगुणते. तेही गाणेच आहे, तिच्या दिवसाचे. ट्रॅक्टरच्या डेकवरच्या गाण्याने ऊस भरला जातो, तो ठेका ऐकून नाक मुरडणाऱ्या चित्रकाराला दुःखही जुन्या पद्धतीचेच दिसणार.

साहित्याविषयी थोडक्यात. महागड्या रंगांची गरज नाही. लाकडाचा कोळसा, गेरू, खडू आणि साधा कार्ट्रिज कागद पुरतो. तेलरंग आणि कॅनव्हास गाण्याच्या वेगाच्या मागे पडतात, ते घरी आल्यावर. जागेवर हात गाण्याबरोबर चालायला हवा, मग कागद फाटला तरी चालेल. गायनाचा फोटो काढून त्यावरून चित्र करू नका. फोटोत आवाज येत नाही, आणि फोटो पाहून काढणारा शेवटी नऊवारीच्या काठाची नक्षीच काढत बसतो.

दुसऱ्याचे हाल हा आपला विषय आहे, म्हणून एक अट. जिचे गाणे ऐकून चित्र काढाल तिला ते आधी दाखवा. यवतला, सविंदण्याला, केडगावला, चौफुल्याला पुन्हा जायला फार वेळ लागत नाही, एसटी आहे. ती म्हणाली की हे माझे नाही, तर तसे तिथेच कागदामागे लिहून ठेवा आणि दुसरे काढा. कलावंतिणीला समोर बसवून काढलेत तर तिच्या बैठकीचे पैसे द्या. चित्र विकले गेले तर त्यातला वाटा तिच्या घरी पोहोचवा. आणि चित्राखाली सही करताना तुमच्या नावाच्या आधी तिचे नाव लिहा. तिला ते नको असेल तर गावाचे लिहा.